पोर्चवरची सावली

“आजी, ईस्टरच्या फोटोत दर वर्षी तू मलाच का गं पोर्चच्या सावलीत उभी करतेस?”

अमारीने विचारलं आणि लगेच मक्याच्या पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे पुढे काही बोलायची वेळ आलीच तर तोंड भरलेलं असावं.

प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. टिया आणि जोसलिन या शाळेतल्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. स्टेप नाचाच्या सरावानंतर, पाय आपटून आपटून पोटऱ्या भरून आलेल्या असताना, तिघी जिमच्या भिंतीला टेकून अमारीच्या फोनमधले घरचे फोटो बघत बसल्या होत्या.

“यात तू कुठेयस?” टिया म्हणाली.

“ही काय मागे.”

“ही तू होय? मला खांब वाटला.”

तिघी हसून लोळल्या. मग जोसलिनने आधीच्या वर्षीचा फोटो काढला, मग त्याच्याही आधीचा, आणि हसू हळूहळू विरलं. प्रत्येक फोटोत तेच. खालच्या पायऱ्यांवर, उन्हात, आजीकडची सगळी उजळ रंगाची मंडळी, टोप्या आणि फुलाफुलांचे झगे. आणि वर, छपराखाली, अमारी. तिचे फक्त दात दिसत होते.

“विचार आजीला,” जोसलिन म्हणाली. “सगळ्यांसमोर. केक कापायच्या आत. नाहीतर यापुढे स्वतःला कॅप्टन म्हणवून घेऊ नकोस.”

स्टेपच्या संघाचं कॅप्टनपद नवं होतं. जानेवारीपर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणारी ही मुलगी आता तीस जणींना “पाय” म्हणून ओरडली की जिमची जमीन हादरायची. तो आवाज आपल्याच गळ्यात एवढी वर्षं दडून बसला होता, याचंच तिला अजून नवल वाटत होतं. असा आवाज हाती लागल्यावर तो वापरायचा नाही म्हणजे काय?

म्हणून तिने विचारलं. आणि आता मेकन गावातल्या आजीच्या जेवणघरात, ईस्टरच्या जेवणाला जमलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या.

“तोंडात घास असताना बोलू नये,” आजी म्हणाली.

“गिळला.”

“मग अजून एक घे. वाळलीयेस किती.”

टेबलाभोवती हसू पसरलं. अर्नेस्टीन आजीची ही जुनी हातोटी. चाळीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका असलेली बाई. कुठला प्रश्न ऐकायचा आणि कुठल्याला ताट पुढे करायचं, हे तिला बरोबर ठाऊक. या आठवड्यात तिने ऐंशी पूर्ण केली होती आणि त्याच निमित्ताने यंदाचा फोटो मोठा करून चर्चच्या सभागृहात लागणार होता, गावातल्या जुन्या घराण्यांच्या ओळीत. तो एकदा भिंतीवर चढला की तिथेच राहणार. उद्या अमारीची मुलं त्या सभागृहात लिंबू सरबत सांडतील तेव्हाही तो तिथेच असेल.

“मला उत्तर हवंय आजी.”

सेलेस्ट मावशीने काटा खाली ठेवला. “अगं उंचीप्रमाणे उभं करतात, त्यात काय एवढं?”

“सिडनी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, मावशी. ती तर पहिल्या पायरीवर असते.”

सिडनी म्हणजे सेलेस्ट मावशीची मुलगी. अमारीच्याच वयाची, मधाच्या रंगाची, दिसायला आजीची प्रतिकृती. तिने डोळे वर केले नाहीत. ती अंड्यावरचा मसाला काट्याने खरवडत होती.

“हल्ली शाळेत काय शिकवतात देव जाणे,” मावशी म्हणाली. “पोरांना जिथे तिथे रंगच दिसतो.”

“मी कुठे रंगाचं नाव काढलं? मी सावली म्हटलं.”

मावशीचे यजमान प्रेस्टन काका, दातांचे डॉक्टर, एकदम थंड चहाच्या ग्लासातला बर्फ न्याहाळू लागले. अमारीने आईकडे बघितलं. आई, लॉरेट, ताटातली पालेभाजी या कडेची त्या कडेला सारत होती. बाबा तेवढे जेवत होते. शांतपणे, एकेक घास. ते बस डेपोत मेकॅनिक. नखांच्या कडांचं ग्रीस कितीही घासलं तरी जात नाही म्हणून या घरी आले की हात शक्यतो टेबलाखाली ठेवायचे. आत्ता मात्र दोन्ही हात वर होते.

“पापांचा नियम आहे तो,” शेवटी आजी म्हणाली.

पापा म्हणजे आजीचे वडील, बर्वेल पापा. गावात त्यांच्यासारख्या काळ्या माणसांचा फोटो नीट काढणारं एकच दुकान होतं, ते त्यांचं. लग्नं, बारशी, पदव्या, प्रेतं, सगळी त्यांच्या कॅमेऱ्यासमोरून गेलेली. तोच कॅमेरा, तीन पायांचा, चामड्याच्या भात्याचा, आजही ईस्टरला बाहेर निघे.

“फिल्म आंधळी असते, पापा म्हणायचे,” आजीचा आवाज आता वर्गातला झाला. “उजळ आणि काळा चेहरा एका चौकटीत आला की ती गोंधळते. म्हणून कुणी उन्हात उभं राहायचं, कुणी सावलीत. त्यात मान-अपमान नाही, कारागिरी आहे. मी फक्त पापांनी जसं केलं तसं करते.”

अमारीला एकदम हायसं वाटलं आणि त्याच क्षणी निराशाही. एवढंच? फिल्म? टिया-जोसलिनला हे सांगायचं म्हणजे फारच मिळमिळीत होतं. आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं.

“उलटं,” टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

अल्स्टन मामाआजोबा, आजीचे धाकटे भाऊ. लहानपणी ते वडिलांच्या दुकानात दिवे धरायचे. आता हात इतके थरथरतात की सूपही बहीणच भरवते.

“काय उलटं?” आजी म्हणाली.

“अर्नी, तू उलटं सांगतेयस. पापा काळ्या चेहऱ्यांना पुढे घ्यायचे, उजेडात. फिल्मला त्यांना बघायला वेळ लागतो. आणि तुझ्या-माझ्यासारखे उजळ मागे, सावलीत, नाहीतर आपण पांढरे फटक येतो, चादरीसारखे. दिवे मी धरत होतो गं. ‘आधी तिचा चेहरा बघ, मग बाकीच्यांचा,’ असं म्हणायचे. तिचा म्हणजे वाश्टीचा.”

वाश्टी ही त्यांची थोरली, काळीसावळी बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. अमारीने तिला एकदाच पाहिलेलं, शवपेटीत, आणि तेव्हा सगळे म्हणाले होते की पोरगी अगदी तिच्यावर गेलीय.

आजी उठली. खुर्ची मागे सरकवताना तिने कुणाचा हात घेतला नाही, आणि हॅमचं ताट, रिकामं झाल्यासारखं, उचलून आत गेली. त्या ताटात खरं तर अजून बरंच हॅम होतं.

“झालं समाधान?” सेलेस्ट मावशी म्हणाली. “तिच्या वाढदिवसाला.”

“तिने विचारलं त्यात चूक काय आहे?” हे सिडनी म्हणाली, अंड्याकडे बघतच.

“तू गप्प बस.”

“का? मलाही तिथे उभं राहायचं नसतं. ऊन थेट डोळ्यांत येतं. प्रत्येक फोटोत मी माळ्यावरून ओढून काढल्यासारखी दिसते.” मग ती अमारीकडे वळली. “आणि तुला निदान कुणी विचारत नाही की तू नक्की कोण आहेस, काळी की गोरी. मला दर सोमवारी विचारतात. तुझ्या मैत्रिणीच विचारतात.”

अमारीला हे माहीत नव्हतं. टिया? जोसलिन? ती उठली आणि आजीच्या मागे गेली.

स्वयंपाकघरात आजी ओट्याला टेकून उभी होती. समोर नारळाचा तीन थरांचा केक, अजून न कापलेला.

“वाश्टीची टोपी,” ती पाठमोरीच म्हणाली. “माझ्या लहानपणच्या एकेका फोटोत माझ्या चेहऱ्यापुढे वाश्टीच्या टोपीची कड आहे. ती पुढे, बापाच्या शेजारी. मी मागे, खांबाजवळ. बाहेर गेलं की बायका माझ्या गालाला हात लावायच्या, काय रंग आहे पोरीचा म्हणून. आणि घरी आलं की बाप म्हणणार, अर्नी, तू मागे. मला कोण सांगणार फिल्म कशी असते? मला वाटायचं, यांना माझी लाज वाटते.”

अमारीला आजीची कीव आली आणि आपल्याला कीव येतेय याचा रागही आला.

“मग माझं स्वतःचं घर झालं, स्वतःच्या पायऱ्या झाल्या. मी ठरवलं, आता मी उन्हात. आणि माझी माणसं माझ्याजवळ.”

“आणि मी?”

“तू जागा उरेल तिथे.”

“दर वर्षी मलाच उरलेली जागा?”

आजी वळली. गालांवरची पावडर एका रेघेत पुसली गेली होती. एवढ्या जवळून अमारीने तिला क्वचितच पाहिलेलं.

“माझ्या रंगामुळे का आजी? हो की नाही एवढंच सांग.”

“मला माहीत नाही,” आजी म्हणाली. “तू विचारलंस तेव्हापासून मी तेच शोधतेय. वाश्टीसारखी दिसतेस तू. तुला वर उभी करताना मला दर वेळी बरं वाटायचं आणि का बरं वाटतंय हे मी कधी बघितलं नाही. आता हे काय उत्तर झालं, सांग बरं?”

नव्हतंच ते उत्तर. काय करावं न सुचून अमारीने ओल्या फडक्याने ओट्याचा स्वच्छ भागच पुन्हा पुसला. खिशातला फोन थरथरला. टिया: ‘काय म्हणाली???’ अमारीने ‘हो’ लिहिलं. खोडलं. ‘नाही’ लिहिलं. तेही खोडलं. मग ‘थांब’ लिहिलं आणि फोन पालथा घातला.

दारात आई उभी होती. किती वेळ, देव जाणे.

“तुला माहीत होतं?” अमारीने विचारलं.

“तू पाच-सहा वर्षांची असताना लक्षात आलं.”

“आणि?”

“आणि मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले. फोटो बघ नीट. मी पण वरच आहे, सावलीत, तुझ्या खांद्यावर हात ठेवून.”

अमारीने मनातल्या मनात फोटो चाळले. खरंच की. काळोखात तिच्या खांद्यावर एक हात होताच नेहमी. एवढी वर्षं तिला तो फोटोतल्या फर्निचरसारखा वाटला होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच पाण्यासकट ती म्हणाली, “पण आई, तू मला पुढे न्यायला हवं होतंस. तूच मागे यायची काय गरज होती?”

लॉरेटने आपल्या आईकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि दोघींच्या मध्ये उभं राहून ती केकवरचं झाकण विनाकारण नीट करू लागली.

“आज तू पुढे,” आजी एकदम म्हणाली. मुख्याध्यापिका परत आली होती. “पहिल्या पायरीवर. माझ्या उजव्या हाताला. पापांच्या नियमाने. चर्चच्या भिंतीवर हाच लागेल. चला, ऊन कलायच्या आत.”

म्हणजे ती जिंकली होती. असं जिंकल्यावर काय वाटायला हवं? स्पर्धेत जिंकल्यावर तिने छपराला हात लागेल अशी उडी मारली होती. इथे तिने फक्त ओलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

बाहेर पायऱ्यांवर परागकणांचा पिवळा थर बसला होता. मावशीने तो रुमालाने झटकला, कुणाशी न बोलता. सिडनी आपणहून वर छपराखाली जाऊन उभी राहिली आणि “आहा, डोळे उघडता येतायत” म्हणाली. त्यावर तिची आई काही बोलणार होती पण प्रेस्टन काकांनी तिच्या कोपराला हात लावला. काका दुसऱ्या पायरीवर, त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले. “मदर, हॅट थोडी मागे घ्या,” ते म्हणाले. आजीने घेतली.

अमारी पहिल्या पायरीवर उभी राहिली. ऊन थेट तोंडावर. आजीने तिचा डावा हात आपल्या हातमोज्यातल्या हातात घेतला. अल्स्टन मामाआजोबा खुर्चीतून म्हणाले, “हां, आता बरोबर. आता फिल्मला सगळे दिसतील.”

समोर बाबांनी कॅमेरा मांडला होता. काळ्या कापडाखाली वाकले होते. फक्त पाय दिसत होते, घरी इस्त्री केलेली एकुलती एक चांगली पँट.

सगळे दिसतील?

अमारीने पायऱ्यांवरून डोळे फिरवले. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. तिच्या फोनमधले सगळे फोटो एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोर आले आणि त्यांतल्या एकातही बाबा नव्हते. एवढा वेळ ती स्वतःला शोधत होती. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा त्या सावलीतही नव्हते.

तिने आजीचा हात सोडला आणि ती खाली उतरली.

“आता काय?” मावशी म्हणाली.

अमारीने काळं कापड उचललं. आत बाबांचा घामेजलेला चेहरा होता.

“उजेड जाईल, बेटा.”

“तुम्ही कधीच का नसता फोटोत?”

“कुणीतरी काढायला हवा ना.”

“खरं सांगा.”

बाबा, ड्वाइट टॉलिव्हर, सरळ उभे राहिले. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं, मग हळू आवाजात बोलले. “तुझ्या आईशी लग्न झालं, त्यानंतरचा पहिला ईस्टर. मिस अर्नेस्टीन एकेकाला जागा दाखवत होत्या.”

अठरा वर्षं झाली लग्नाला. प्रेस्टन काका सासूला ‘मदर’ म्हणायचे. बाबा अजून परक्यासारखं ‘मिस अर्नेस्टीन’.

“सगळ्यांना दाखवून झालं, मी राहिलो. त्यांचा हात माझ्याकडे वळला. म्हटलं, आता हा हात कुठे जातोय बघू. आणि मला ते बघवेना. मी मोठ्याने म्हटलं, ‘कॅमेऱ्याचा भाता फाटलाय, मला दुरुस्त करता येतो, फोटो मीच काढतो.’ सगळे खूश झाले. तेव्हापासून हेच चाललंय.”

“हात कुठे जात होता?”

“ते कळायच्या आतच बोललो ना.”

“म्हणजे पुढेच बोलावत असेल कदाचित.”

“असेल.”

“नाहीतर वर.”

“तेही असेल.” ते थोडंसं हसले. “पण इथे मला कुणी ‘इकडे उभा राहा, तिकडे उभा राहा’ म्हणत नाही. उलट मीच सगळ्यांना सांगतो, हनुवटी वर करा. वाईट नाही तसं.”

अमारी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्याइतकाच काळा, तिच्याइतकीच रुंद जिवणी. बसच्या इंजिनावर ओणवा होऊन जो माणूस डेपोतल्या साहेबांशी न घाबरता भांडतो, तोच इथे अठरा वर्षं कापडाखाली. आपणही इथेच येऊन उभं राहावं, बाबांच्या बाजूने, असं तिच्या मनात आलं. मस्त दिसेल. टिया-जोसलिन टाळ्या वाजवतील. पण मग तेही लपणंच की. आणि पायरीवर गेलं तर बाबांना इथे सोडून. आणि आजी म्हणते मला माहीत नाही, आणि आई सावलीत खांद्यावर हात ठेवून, आणि सिडनीला दर सोमवारी. तिच्या डोक्यात नुसता कल्ला चालला होता.

“जा बेटा,” बाबा म्हणाले. “एवढं भांडून जागा मिळवलीस.”

ती गेली. पहिल्या पायरीवर चढली, पण आजीला चिकटून नाही. दोघींमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून उभी राहिली. दुसऱ्या पायरीवरून आईने वाकून विचारलं, “काय झालं?”

“आई, ऐक. बाबा, तुम्हीपण ऐका.” आवाज आला. जिममधला, भिंतींना आपटणारा. समोरच्या घरातल्या बाईने पडदा बाजूला केला. “मी ठरवलंय. मला आजचं काही म्हणजे काहीच नीट कळलेलं नाही. आजीने मला मुद्दाम वर ठेवलं की नाही, कळलं नाही. तुम्हाला कुणी पुढे बोलावलं असतं की नाही, तेही कळलं नाही, आणि तुम्ही पळून गेलात म्हणून आता कळणारही नाही.”

“अमारी,” आई म्हणाली.

“झालं, संपलंच. मी इथून हलणार नाही. बाबा इथे, या जागेत, येऊन उभे राहीपर्यंत फोटो निघणार नाही, कारण तोपर्यंत मी डोळे मिटून, जीभ बाहेर काढून उभी राहणार आहे, आणि चर्चच्या भिंतीवर तुम्हाला ती जीभ जन्मभर बघावी लागेल. कॅमेरा कुणी चालवायचा, ते तुम्ही मोठ्यांनी ठरवा.”